माउस ओढला उजवीकडे, मॉडेल गेलं भलतीकडे: फिरवण्याच्या तक्रारी आणि त्यांची मुळं

वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव स्मृतिदगड), जुनी नाणी, भंगलेली शिल्पं यांची त्रिमितीय मॉडेल्स मी गेली काही वर्षं करते आहे. दगडाभोवती फिरून दीड-दोनशे फोटो काढायचे, फोटोग्रामेट्रीच्या, म्हणजे फोटोंवरून आकार काढणाऱ्या, सॉफ्टवेअरमधून त्यांचा मेश (त्रिकोणांच्या जाळ्याचं मॉडेल) करायचा आणि तो ब्राउझरमध्ये अशा रीतीने ठेवायचा की कुणालाही घरबसल्या माउसने फिरवून बघता यावा. फोटो आणि मेश इथपर्यंतचं काम आता बऱ्याच जणांना जमतं. घोडं अडतं ते शेवटच्या पायरीवर, फिरवण्यावर. या कामातली माणसं मला विचारतात ते प्रश्नही घोळून घोळून तेच असतात. मॉडेल जागच्या जागी न फिरता लांब भिरकावलं जातं. वरून बघायला गेलं की घड्याळाच्या काट्यासारखं गरगरतं. उलटं केलं की दिशा उलट्या होतात. थोडा वेळ खेळलं की तिरकं होऊन बसतं आणि काही केल्या सरळ होत नाही. माउसचं बटण सोडलं तरी मॉडेल चिकटून राहतं.

पहिला संशय सगळ्यांचा माउसवर जातो. माउस बदलून बघतात, ड्रायव्हर पुन्हा टाकतात, वेग कमी-जास्त करतात. या पाच तक्रारींपैकी पहिल्या चारांत माउसचा काही दोष नसतो, आणि पाचवीतही तो प्रोग्रामचाच असतो. माउस फक्त दोन आकडे देतो: आडवा किती सरकला, उभा किती सरकला. वस्तू अवकाशात कशीही फिरवायची तर आकडे तीन लागतात. ही तिसऱ्याची उणीव प्रोग्रामला कुठूनतरी भरून काढावी लागते आणि त्यासाठी तो तीन गोष्टी ठरवतो. कुठल्या बिंदूभोवती फिरायचं? कुणाच्या अक्षांभोवती, म्हणजे स्क्रीनच्या, जगाच्या की वस्तूच्या स्वतःच्या? आणि नवी फिरकी जुन्या फिरकीच्या आधी लावायची की नंतर? या तिन्हींपैकी एक जरी तुमच्या मनातल्यापेक्षा वेगळी ठरली असेल, तर हात एक करतो आणि डोळ्यांना दुसरं दिसतं.

आधी ठोकळा

काहीही बदलण्याआधी तुमचं मॉडेल बाजूला काढा आणि त्याच व्ह्यूअरमध्ये एक साधा ठोकळा ठेवा, बरोबर शून्य-शून्य-शून्य या जागी, बाजू एक मीटरची. सहा बाजूंना सहा रंग द्या. शेजारी तीन अक्षांच्या रेघाही दिसू द्या. ब्राउझरमध्ये त्रिमितीय दृश्यं दाखवणाऱ्या थ्री.जेएस या लायब्ररीत त्यासाठी ॲक्सेसहेल्पर आहे: लाल म्हणजे एक्स, हिरवी वाय, निळी झेड. आता ओढून बघा.

ठोकळा नीट फिरला तर कोड ठीक आहे, बिघाड मॉडेलच्या फाइलमध्ये आहे. ठोकळाही वेडावाकडा फिरला तर फाइलला हात लावू नका, कोड बघा. ही चाचणी दोन मिनिटांची आहे. ती न करता लोक आठवडा आठवडा भलत्याच ठिकाणी शोधत बसतात, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं, कारण त्या आठवड्यात आणखी दोन वीरगळांचे फोटो काढून झाले असते.

भिरकावलं जातं: केंद्र चुकलंय

ठोकळा ठीक आणि मॉडेल मात्र गोफणीतल्या दगडासारखं फिरतंय, तर फिरण्याचं केंद्र मॉडेलच्या बाहेर आहे. फोटोग्रामेट्रीच्या मॉडेलमध्ये हे फार सहज घडतं. मेशमध्ये दगडाबरोबर आजूबाजूचं गवत येतं, मागच्या झाडाची फांदी येते, आणि हवेत तरंगणारे बारीक तुकडे राहतात. दगड दीड मीटरचा, पण एखादा तुकडा आठ मीटरवर पडलेला. व्ह्यूअर सगळ्याला सामावणारी चौकट काढून तिचा मध्य केंद्र म्हणून घेतो, आणि तो मध्य दगडापासून कित्येक मीटर लांब पडतो. म्हणून केंद्र बसवण्याआधी साफसफाई. ब्लेंडर या त्रिमितीय मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एडिट मोडमध्ये दगडावर कर्सर नेऊन एल दाबा, जोडलेला सगळा भाग निवडला जातो. निवड उलटी करा आणि बाकीचं पुसून टाका.

मग ऑब्जेक्ट मेन्यूतलं सेट ओरिजिन. इथे एक बारकावा आहे. ओरिजिन टू जॉमेट्री हा पर्याय नेहमीच्या मांडणीत सगळ्या शिरोबिंदूंची, म्हणजे मेशच्या त्रिकोणांच्या कोपऱ्यांची, सरासरी घेतो. वीरगळाच्या कोरलेल्या बाजूचे फोटो आपण जास्त काढतो, तिथे बारकावे जास्त, म्हणून शिरोबिंदूही दाट. मागची बाजू ओबडधोबड, तिथे ते विरळ. सरासरी पुढे ओढली जाते आणि मॉडेल डुलत डुलत फिरतं. त्यापेक्षा बाउंड्स सेंटर निवडा, किंवा पृष्ठभागावरून वस्तुमानाचं केंद्र काढणारा पर्याय घ्या. मग वस्तू शून्यावर आणा आणि कंट्रोल-ए दाबून जागा, फिरकी आणि माप तिन्ही पक्कं करून टाका. माप पक्कं करायला विसरू नका. तिन्ही दिशांना वेगवेगळं माप दिलेल्या वस्तूच्या पोटात दुसरी वस्तू असेल, तर ती पोटातली फिरवताना चिरडल्यासारखी तिरपी होते, आणि ते पाहून माणूस पार गोंधळून जातो.

केंद्र अगदी मधोमध असूनही एक तक्रार उरते. वीरगळाच्या वरच्या कप्प्यात वीर शिवलिंगाची पूजा करताना दाखवलेला असतो, त्यावर सूर्य-चंद्र. तो कप्पा जवळून बघायला कुणी झूम करतं, थोडं ओढतं आणि कप्पा स्क्रीनबाहेर निघून जातो. कारण फिरणं अजूनही दगडाच्या पोटातल्या मध्याभोवतीच चाललेलं असतं. यावर मला एकच उपाय पटतो: जिथे डबल क्लिक होईल तो पृष्ठभागावरचा बिंदू नवं केंद्र करायचा. मेशलॅब या मेश बघण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये हे असंच चालतं, आणि कंट्रोल-एच दाबलं की सगळं मूळपदावर येतं. थ्री.जेएसमध्ये रेकास्टरने (माउसखालचा बिंदू शोधणाऱ्या साधनाने) टोचलेला बिंदू ऑर्बिटकंट्रोल्सच्या (माउसने कॅमेरा फिरवणाऱ्या भागाच्या) टार्गेटला द्या. ब्लेंडरमध्ये प्रेफरन्सेसच्या नॅव्हिगेशन विभागात ऑर्बिट अराउंड सिलेक्शन आणि ऑटो डेप्थ या दोन खुणा आहेत. त्या लावून ठेवा. आणि ब्लेंडरमध्ये कधीही हरवलात, झूम अडकल्यासारखा झाला, तर वस्तू निवडून नमपॅडवरचा टिंब दाबा.

थरथर

ही तक्रार कमी येते, पण आली की कुणालाच उलगडत नाही. मॉडेल फिरवताना पृष्ठभाग थरथरतो, त्रिकोण दातेरी दिसतात, कोरीवकाम पायऱ्यापायऱ्यांचं होतं. ड्रोनने किंवा जीपीएस लावून केलेल्या मॉडेलमध्ये हे होतं, कारण फाइलमध्ये खऱ्या नकाशाचे सहनिर्देशक शिरलेले असतात.

हिशेब करून बघा. पुणे यूटीएमच्या, म्हणजे जगाचे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशापद्धतीच्या, ४३व्या पट्ट्यात येतं, आणि तिथलं विषुववृत्तापासूनचं अंतर सुमारे २० लाख ४८ हजार मीटर आहे. ग्राफिक्स कार्ड शिरोबिंदू ३२ बिटांच्या आकड्यांत ठेवतं, आणि त्यात नेमकेपणासाठी २४ बिट असतात. २० लाख ४८ हजाराच्या आसपास अशा दोन लगतच्या आकड्यांमधलं अंतर ०.१२५ मीटर होतं, म्हणजे साडेबारा सेंटिमीटर. तुमच्या वीरगळावरचा घोडेस्वार साडेबारा सेंटिमीटरच्या पायऱ्यांवर बसवला जातोय! मुंबईच्या बहुतेक भागात तर आकडा २०,९७,१५२ या दोनाच्या घाताच्या पुढे जातो आणि पायरी दुप्पट होते, पाव मीटर. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर नौकायुद्ध कोरलेलं आहे. या पायरीवर वल्ह्यांच्या ओळी सोडाच, अख्खी नाव ओळखू येणार नाही.

उपाय सोपा आहे. मेश करतानाच स्थानिक सहनिर्देशक वापरा. हातात आलेली फाइल आधीच तशी असेल तर क्लाउडकंपेअर या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. ते उघडतानाच मोठे आकडे ओळखतं आणि ग्लोबल शिफ्ट (सगळे आकडे एका ठरावीक संख्येने कमी करणं) हवी का विचारतं. ती स्वीकारा, आणि बाहेर काढताना शिफ्ट परत लावू नका. मूळ स्थान वेगळ्या टिपणात लिहून ठेवा. फाइल एकदा ३२ बिटांत जतन झाली असेल तर गेलेला नेमकेपणा परत येत नाही, मेश नव्याने बाहेर काढावा लागतो.

आडवा पडलेला वीरगळ

फोटोग्रामेट्रीत वरची दिशा बहुधा झेड असते, ब्लेंडरमध्येही झेड. थ्री.जेएस आणि जीएलटीएफ फाइलमध्ये वर म्हणजे वाय. ओबीजे आणि पीएलवाय या फाइलींत तर वर कुठे हे नोंदलेलंच नसतं. मग दगड पाठीवर झोपलेला येतो आणि आडवं ओढलं की स्वतःभोवती वळण्याऐवजी पंख्याच्या पात्यासारखा फिरतो. ब्लेंडरमधून जीएलटीएफ काढताना वाय वर ही खूण लावलेली ठेवली की प्रश्न मिटतो. काही जण त्याऐवजी कॅमेऱ्याची वरची दिशा बदलतात. ती बदलायची असेलच तर ऑर्बिटकंट्रोल्स तयार करण्याच्या आधी बदला. तयार होतानाच ते ही दिशा वाचून घेतं, नंतरचा बदल त्याला कळत नाही.

गरगरतं आणि उलटं होतं: दोन कोनांचा सापळा

आता ठोकळाच नीट फिरत नाही, अशी परिस्थिती घेऊ. स्वतः लिहिलेल्या व्ह्यूअरमध्ये दहांपैकी बहुतेक वेळा मला एकच कोड दिसतो: माउस आडवा सरकला तेवढं वस्तूच्या रोटेशनमधल्या वायमध्ये मिळवा, उभा सरकला तेवढं एक्समध्ये मिळवा. दोन ओळींचा कोड, पहिली दहा सेकंदं छान चालतो. शिकवण्यांतही तो सर्रास असतो, म्हणून तो लिहिणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही.

पण त्यात काय घडतं ते पाहा. थ्री.जेएसमध्ये हे तीन कोन एक्स, वाय, झेड या क्रमाने लागतात. त्याचा परिणाम असा की एक्सचा कोन नेहमी बाहेरच्या, न हलणाऱ्या आडव्या अक्षाभोवती फिरवतो, तर वायचा कोन वस्तूबरोबर कललेल्या अक्षाभोवती. म्हणून वर-खाली ओढणं कायम बरोबर वाटतं आणि डावं-उजवं बिघडत जातं. वस्तू ९० अंश पुढे कलवली, म्हणजे तिचा माथा तुमच्याकडे आला, की तिचा उभा अक्ष थेट तुमच्या डोळ्यांकडे रोखलेला असतो. आता आडवं ओढलं की ती घड्याळाच्या काट्यासारखी गरगरणारच. आणखी ९० अंश कलवून ती उलटी केली की तोच अक्ष खाली तोंड करून असतो, म्हणून उजवीकडे ओढलं की ती डावीकडे जाते. तक्रारीतली दोन्ही लक्षणं या एका मुळातून येतात.

हे हातात धरून बघायचं असेल तर काडेपेटी घ्या. चित्राची बाजू तुमच्याकडे. वरची कड आपल्याकडे पाडा, पाव फेरा. मग उभ्या अक्षाभोवती उजवीकडे पाव फेरा. चित्र खाली, टेबलाकडे तोंड करून आहे. आता पुन्हा सुरुवातीच्या स्थितीत आणा आणि हेच दोन फेरे उलट क्रमाने द्या. चित्र उजवीकडे बघतंय. सरकवण्यात क्रमाला महत्त्व नाही, चार पावलं पूर्वेला नि तीन उत्तरेला कशीही चाललात तरी तिथेच पोचता. फिरवण्यात मात्र क्रम बदलला की मुक्काम बदलतो. कोनांची बेरीज करत जाणारा कोड हे विसरतो. तुम्ही कुठल्या क्रमाने ओढलंत ही माहितीच तो फेकून देतो आणि शेवटी फक्त एकूण आडवं आणि एकूण उभं एवढंच शिल्लक ठेवतो.

तिसरा कोनही वापरात असेल तर आणखी वाईट. मधला कोन ९० अंशांवर गेला की पहिला आणि तिसरा अक्ष एका रेषेत येतात आणि एक दिशा हातातून निघूनच जाते. याला गिंबल लॉक म्हणतात, आणि हे फक्त स्क्रीनवरचं दुखणं नाही. अपोलो यानांच्या दिशादर्शक यंत्रात तीनच गिंबल (एकात एक बसवलेल्या फिरत्या कड्या) होते. त्या स्थितीच्या जवळ यान जाऊ नये म्हणून अंतराळवीरांच्या समोरच्या दिशादर्शक गोळ्यावर लाल भाग रंगवलेला असे.

उपाय दोन आहेत, आणि कुठला घ्यायचा हे वस्तूवर ठरतं.

पहिला: दोन कोनच ठेवा, पण उभ्या कोनाला लगाम घाला. उणे ८५ ते अधिक ८५ अंशांच्या पलीकडे जाऊच देऊ नका. याला टर्नटेबल म्हणतात, कुंभाराच्या चाकावर ठेवलेल्या वस्तूसारखं. ऑर्बिटकंट्रोल्स हेच करतं, फक्त वस्तूऐवजी कॅमेरा फिरवतं. त्यातल्या ध्रुवीय कोनाची वरची मर्यादा ९० अंशांवर आणा, म्हणजे कुणी जमिनीखाली जाऊन मॉडेलचा पोकळ तळ बघणार नाही.

दुसरा: कोन साठवणंच सोडा. वस्तूची सध्याची स्थिती एका क्वाटर्निअनमध्ये (फिरकी सांगणाऱ्या चार आकड्यांच्या संचात) ठेवा. माउस जरा सरकला की तेवढ्या सरकण्याची छोटी फिरकी स्क्रीनच्या आडव्या-उभ्या अक्षांभोवती बनवा आणि जुन्या स्थितीला डावीकडून गुणा. डावीकडून, हा शब्द जपा. थ्री.जेएसमध्ये त्यासाठी प्रीमल्टिप्लाय आहे. चुकून नुसतं मल्टिप्लाय लिहिलंत तर फिरकी वस्तूच्या स्वतःच्या अक्षांभोवती लागते, आणि वस्तू थोडी वळली की हात आणि डोळा यांची फारकत पुन्हा सुरू होते. क्वाटर्निअन वापरूनही फिरवणं बिघडलंय असं कुणी सांगितलं की मी आधी हा एक शब्द तपासते, आणि बहुधा तिथेच सापडतं. कॅमेरा समोर नसून कोपऱ्यात असेल तर जगाचे नाही, कॅमेऱ्याचे उजवा आणि वरचा अक्ष घ्या.

क्वाटर्निअन या नावाला घाबरू नका. ऑयलरने १७७५ मध्ये दाखवलं की वस्तूचा एक बिंदू स्थिर असेल तर तिची कुठलीही फिरकी ही शेवटी एकाच अक्षाभोवतीची एक फिरकी असते. हॅमिल्टनला १६ ऑक्टोबर १८४३ रोजी डब्लिनमध्ये कालव्याच्या काठाने चालताना क्वाटर्निअनचं सूत्र सुचलं. तो अक्ष आणि तो कोन चार आकड्यांत बांधायला ते नेमकं उपयोगी पडतं. केन शूमेकने १९८५ मध्ये ते संगणकी ग्राफिक्सच्या लोकांपुढे मांडलं, आणि आज बहुतेक व्ह्यूअरच्या पोटात ते आहे. तुम्हाला फक्त दोन नियम पाळायचे आहेत: डावीकडून गुणायचं, आणि गुणून झालं की नॉर्मलाइझ करायचं (लांबी पुन्हा एक करायची). दुसरा नियम पाळला नाही तर दशांशातल्या चुका साचत जातात. मॅट्रिक्सवर मॅट्रिक्स गुणत गेलात तर काही वेळाने मॉडेल चक्क तिरपं, चेपलेलं दिसायला लागतं.

तिरकं होऊन बसतं

दुसरा उपाय केल्यावर ही नवी तक्रार येते, आणि ती आली की समजा तुमचा कोड बरोबर आहे. छोट्या छोट्या गोल वळणांनी माउस फिरवून बघा. वस्तू हळूहळू उलट दिशेने, स्क्रीनच्या प्रतलात, वळत जाईल. माउस सुरुवातीच्या जागी परत आणला तरी वस्तू परत येत नाही. काडेपेटीचाच धडा आहे हा: उजवीकडे, वर, डावीकडे, खाली अशा चार फिरक्यांची बेरीज शून्य होत नाही, थोडा पीळ उरतो.

यावरचं सर्वांत सुंदर उत्तर शूमेकचंच, १९९२ मधलं आर्कबॉल. त्याआधी १९८८ मध्ये मायकेल चेन आणि सहकाऱ्यांनी स्क्रीनवर एक काल्पनिक गोल मानून, माउसने तो गोल लोटायची पद्धत तपासली होती. शूमेकने त्यात एक बदल केला. बटण दाबलं तो गोलावरचा बिंदू आणि आत्ताचा बिंदू, फक्त हे दोन घ्यायचे, मधली वाट विसरायची, आणि त्या दोघांमधल्या कोनाच्या दुप्पट फिरवायचं. दुपटीमुळे हिशेब असा जुळतो की माउस कुठल्याही वाटेने सुरुवातीच्या बिंदूला परत आला की वस्तूही अचूक परत येते. माणूस बटण न सोडता चाचपडू शकतो, बिघडलं तर हात मागे नेऊन सावरू शकतो. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण आमच्या व्ह्यूअरवर येणारे बरेच जण पहिल्यांदाच अशी वस्तू फिरवत असतात.

आर्कबॉल स्वतः लिहिताना दोन ठिकाणी मॉडेल अचानक गायब होतं. माउस काल्पनिक गोलाच्या बाहेर गेला की वर्गमुळाखाली उणे संख्या येते. तिथे बिंदू ओढून गोलाच्या कडेवर आणा. आणि दोन बिंदूंमधला कोन काढताना डॉट गुणाकार १.०००००००२ असा निघाला की कोनच निघत नाही आणि सगळे आकडे नासतात. त्याला उणे एक ते एक या मर्यादेत बसवूनच पुढे पाठवा.

मग वीरगळासाठी कुठलं घ्यायचं? माझं मत ठाम आहे: टर्नटेबल. वीरगळ उभा असतो, खालच्या कप्प्यात युद्ध, मध्ये अप्सरा वीराला नेताना, वर पूजा, असा तो खालून वर वाचायचा असतो. तो कुणाच्या हातून तिरका होऊन बसला तर वाचनच मोडतं. पण शिवराईसारखं नाणं असेल तर आर्कबॉल किंवा ट्रॅकबॉलच (वरचा दुसरा, क्वाटर्निअनचा उपाय). नाण्याला वर-खाली ठरलेलं नसतं, ते आपण बोटांत धरून उलटसुलट करतो. शिवाय हाताने पाडलेल्या नाण्यात दोन्ही बाजूंचे ठसे एकमेकांशी सरळ असतीलच असं नाही. एका बाजूचं ‘श्री राजा शिव’ सरळ धरलं की मागचं ‘छत्रपति’ कुठल्याही कोनात सापडू शकतं, आणि ते सरळ करायला तिसरी दिशा हातात लागतेच. ट्रॅकबॉल दिलात तर शेजारी ‘सरळ करा’ असं बटण न विसरता द्या.

बटण सोडलं तरी चिकटतं, आणि बाकीच्या किरकोळ

माउस कॅनव्हासच्या, म्हणजे मॉडेल दिसतं त्या चौकटीच्या, बाहेर नेऊन बटण सोडलं तर सोडल्याचा निरोप कॅनव्हासला मिळतच नाही. बटण दाबताच सेटपॉइंटरकॅप्चर करा, प्रश्न संपतो.

पहिल्या ओढण्याला मॉडेल टुणकन उडी मारत असेल तर बटण दाबताना आधीची जागा नव्याने नोंदायची राहिली आहे. फोनवर मॉडेलऐवजी पान सरकत असेल तर कॅनव्हासला टच-ॲक्शन नन द्या. मॉडेलच्या ठरावीक भागावरच ओढता येत नसेल तर त्यावर माहितीची पारदर्शक पट्टी पसरली आहे का बघा. दर वेळी नवीन मॉडेल उघडल्यावर फिरण्याचा वेग वाढत जात असेल तर जुने कंट्रोल्स डिस्पोज न करता नवे जोडले जात आहेत. खिडकीचं माप बदलल्यावर ट्रॅकबॉलकंट्रोल्स चुकत असेल तर हँडलरीसाइझ बोलवा. मॉडेल चिखलातून ओढल्यासारखं जड वाटत असेल तर डॅम्पिंग (हळूहळू थांबवण्याची सोय) चालू आहे पण दर फ्रेमला अपडेट होत नाही. आधीच्या ओढण्याचा उरलेला हिस्सा पुढच्या वेळी बाहेर पडतो.

माझ्या डेस्कटॉपवर ठीक आणि तुझ्या लॅपटॉपवर बिघडतं, अशी तक्रार आली तर डिस्प्लेचं स्केलिंग विचारा. माउसची जागा ब्राउझर सीएसएस पिक्सेलमध्ये सांगतो, तर कॅनव्हासची आतली रुंदी खऱ्या पिक्सेलमध्ये असते. १०० टक्क्यांवर दोन्ही सारखे. २०० टक्क्यांवर मात्र तुमच्या आर्कबॉलला वाटतं की माउस स्क्रीनच्या डाव्या-वरच्या चतकोरातच वावरतोय. भागाकार नेहमी क्लायंटविड्थ आणि क्लायंटहाइटने करा.

ब्लेंडरमध्ये लॅपटॉपवर मधलं बटणच नसतं, ही मात्र खरोखर हार्डवेअरची अडचण. प्रेफरन्सेसच्या इनपुट विभागात एम्युलेट थ्री बटन माउस लावा, मग ऑल्ट आणि डावं बटण मिळून मधल्याचं काम करतात. काही लिनक्स डेस्कटॉपवर ऑल्ट धरून ओढलं की खिडकीच सरकते. तिथे आधी डेस्कटॉपची ती सवय बदलावी लागते. वीस मॉडेल्स साफ करायची असतील तर सरळ चाक असलेला साधा माउस जोडा. चाक दाबलं की तेच मधलं बटण.

फिरतं छान, पण कोरीवकाम सपाट दिसतं

सगळं सुरळीत झाल्यावर ही तक्रार येते. वस्तू फिरवणं आणि कॅमेरा फिरवणं यांत ओढण्यापुरता फरक जाणवत नाही, उजेडात मात्र जाणवतो. ऑर्बिटकंट्रोल्स कॅमेरा फिरवतं, दगड आणि दिवा जागेवरच राहतात, म्हणून कितीही फिरवलं तरी खाचांमधल्या सावल्या हलत नाहीत. झिजलेला शिलालेख वाचणारी मंडळी दगडापाशी काय करतात? बॅटरी जवळजवळ दगडाला टेकवून बाजूने धरतात आणि तिचा कोन बदलत राहतात. अक्षर सावलीतून उठून येतं.

तेच इथे करा. एक दिशादर्शी दिवा कॅमेऱ्यालाच जोडा, डाव्या खांद्याच्या बाजूला बराच कलवून. दिव्याचं लक्ष्यही कॅमेऱ्याला जोडायला हवं आणि कॅमेरा दृश्यात घालायला हवा, नाहीतर दिवा एकतर लागतच नाही किंवा त्याचा कोन हवा तसा राहत नाही. आता मॉडेल फिरवलं की उजेड दगडावरून सरकतो. मेशवर फोटोचा रंग चढवलेला असेल तर तो बंद करायचीही सोय ठेवा, कारण फोटोत त्या दिवशीच्या उन्हाच्या सावल्या छापून आलेल्या असतात आणि त्या नव्या सावल्यांशी भांडतात. करड्या, रंगहीन मेशवर तिरका उजेड टाकून हळूहळू ओढत गेलं की खालच्या कप्प्यातल्या, फोटोत न दिसलेल्या, गाईंच्या पाठी दिसू लागतात.